निश्चिंतीची दोन पुस्तके

काही लेखकांच्या वाट्याला वाचक पुष्कळ येतात आणि समीक्षक फार थोडे. फादर अँथनी डिमेलो हे अशा लेखकांपैकी एक होत. अंधेरी-बोरिवलीच्या बाजूला काय किंवा घाटकोपर-मुलुंडच्या बाजूला काय, ज्या कॅथलिक घरात चार इंग्रजी पुस्तके आढळतात तेथे त्यांतले एखादे तरी डिमेलोंचे असते. लग्नाच्या रौप्यमहोत्सवात ते भेट दिले जाते, रिट्रीटहून परतताना विकत घेतले जाते, आणि रविवारच्या प्रवचनात त्यातली एखादी गोष्ट, बहुधा लेखकाचे नाव न घेता, सांगितली जाते. इतके असूनही ही पुस्तके पुस्तके म्हणून कशी आहेत, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला जातो. चाहत्यांना तो कृतघ्नपणाचा वाटतो. विरोधकांना रोमहून १९९८ साली आलेल्या सूचनापत्रानंतर आणखी काही विचारण्याची गरज भासत नाही.

आम्हांला तो विचारावासा वाटतो, पण एका मर्यादित अंगाने. डिमेलोंच्या सर्व लेखनाचा रोख एकाच दिशेने आहे: माणसाने नको त्या चिंतांचे गाठोडे खाली ठेवावे आणि जे खरोखर महत्त्वाचे आहे तेवढ्याचीच आस्था बाळगावी. हा उपदेश ऐकायला गोड आहे. तो पेलतो कोणाला? ज्याला घर चालवायचे आहे, म्हाताऱ्या आईचे औषध आणायचे आहे, मुलाच्या प्रवेशासाठी रांगेत उभे राहायचे आहे, त्याने त्याचे काय करावे? याचा शोध घेताना आम्ही डिमेलोंच्या शेजारी एक मराठी पुस्तक ठेवणार आहोत: लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. जोडी प्रथमदर्शनी विजोड वाटेल. ती का जुळते हे ओघात येईल.

डिमेलो हे तसे आपल्याच परिसरातले. ४ सप्टेंबर १९३१ रोजी त्यांचा मुंबईत जन्म झाला आणि १९४७ मध्ये, वयाची सोळा वर्षेही पुरी झाली नव्हती तेव्हा, अंधेरीच्या विनयालयात ते येशूसंघाचे उमेदवार म्हणून दाखल झाले. त्या काळी अंधेरी मुंबई शहराच्या हद्दीबाहेर होती. ती १९५० मध्ये बृहन्मुंबईत आली. महाकाली लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर आज रिक्षांचा आणि कचेऱ्यांचा जो गजबजाट आहे, त्याच्या जागी झाडी, शेते आणि कोंडिविटे-मरोळसारखी गावठाणे होती. पुढे बार्सिलोना, शिकागो आणि रोम येथे तत्त्वज्ञान, मानसशास्त्र व अध्यात्म यांचे शिक्षण घेऊन ते परतले, प्रथम पुण्यात व नंतर लोणावळ्यात 'साधना' ही संस्था त्यांनी चालवली, आणि जून १९८७ च्या आरंभी न्यूयॉर्क येथे, पंचावन्नाव्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचा अंत झाला. त्यांची बहुतेक पुस्तके गुजरात साहित्य प्रकाश या आणंदच्या संस्थेने प्रथम काढली. आणंदच्या छापखान्यातून निघालेली ही साधी पुस्तके पुढे जगातील अनेक भाषांत गेली.

यांतले पहिले आणि आमच्या मते सर्वांत चांगले पुस्तक म्हणजे १९७८ सालचे 'साधना'. पौर्वात्य रूपातील ख्रिस्ती साधना असा त्याचा उपशीर्षकातच खुलासा आहे. जाणीव, कल्पना आणि भक्ती असे त्याचे तीन भाग असून त्यात एकामागून एक छोटे पाठ दिले आहेत. पहिला पाठ मौनाचा. मग शरीराच्या संवेदना, मग श्वास, मग कानावर पडणारे आवाज. लेखक येथे काही सिद्ध करायला निघालेला नाही. स्वयंपाक शिकवणारी वडीलधारी बाई जशी बाजूला उभी राहून 'आता थोडे ढवळ, आता थांब' असे सांगते, तशी या पुस्तकाची भाषा आहे. ईश्वराविषयी मोठमोठी विधाने टाळून हा माणूस वाचकाला सांगतो की खांद्यावर कपड्याचा स्पर्श जाणवतो का पाहा. ज्यांनी आयुष्यभर प्रार्थना म्हणजे शब्द असे मानले, अशा आपल्यासारख्यांना हे आरंभी पोरकट वाटते. दहा मिनिटे करून पाहिल्यावर पोरकट वाटत नाही.

यातला आवाजांचा पाठ तर उपनगरातल्या माणसासाठीच लिहिला असावा अशी आम्हांला शंका येते. प्रार्थनेला बसावे तर शेजारच्या खोलीत दूरदर्शन संच चालू, खाली भाजीवाल्याची आरोळी, पलीकडे गाडीचा भोंगा, वर कोणीतरी भिंत फोडतो आहे. मन एकाग्र होत नाही म्हणून आपण चिडतो, आणि चिडलो म्हणून प्रार्थना राहून जाते. डिमेलोंचे म्हणणे असे की आवाजाशी भांडू नका. सगळे आवाज ऐका, लहानात लहान आवाजसुद्धा ऐका, आणि तेच ऐकणे तुमची प्रार्थना होऊ द्या. शांत जागा मिळेपर्यंत थांबायचे ठरवले तर एका खोलीत पाचजण राहणाऱ्या कुटुंबाला जन्मभर थांबावे लागेल. हा माणूस अंधेरीत वाढलेल्या साधकासारखा बोलतो.

येथे एका शब्दाचा विचार करायला हवा. डिमेलोंचा लाडका इंग्रजी शब्द 'अवेअरनेस'. त्याला मराठीत जागृती म्हणावे, भान म्हणावे की जाणीव म्हणावे? आम्हांला 'सावधपणा' हा शब्द सर्वांत जवळचा वाटतो, कारण त्यात ताण नाही आणि झोपही नाही. मात्र आपल्या परंपरेत या शब्दाला एक गोष्ट चिकटलेली आहे. लग्नमंडपात 'सावधान' हा शब्द कानी पडताच समर्थ रामदास बोहल्यावरून निघून गेले, असे सांगतात. ही कथा आपण शाळेत कौतुकाने ऐकली. मंडपात मागे राहिलेल्या मुलीचे काय झाले, हे मात्र कोणी विचारले नाही. आमच्या लेखाचा उरलेला भाग एका अर्थी त्या मुलीविषयी आहे.

'साधना'नंतरच्या पुस्तकांत डिमेलो गोष्टींकडे वळले. 'द साँग ऑफ द बर्ड' (१९८२) आणि 'वन मिनिट विज्डम' (१९८५) ही त्यांची सर्वांत लोकप्रिय पुस्तके. हिंदू, बौद्ध, सूफी, यहुदी, ख्रिस्ती अशा सर्व घरांतल्या गोष्टी त्यांनी गोळा केल्या. समुद्र कोठे आहे म्हणून समुद्रातच विचारत फिरणारा लहान मासा आपल्याकडच्या पुष्कळांना ठाऊक झाला तो यांच्यामुळे. 'साँग ऑफ द बर्ड'च्या आरंभी लेखकाने गोष्ट कशी वाचावी हेही सांगून ठेवले आहे: एकदा वाचून पुढे गेलात तर करमणूक होईल; दोनदा वाचून विचार कराल तर थोडे ईशज्ञान हाती लागेल; आणि विचार करून झाल्यावर पुन्हा वाचून ती दिवसभर मनात वागवाल तर कदाचित आणखी काही. आपण बहुतेकजण पहिल्या पायरीवर थांबतो, त्याचा दोष लेखकाकडे जात नाही.

दोष दुसरा आहे आणि तो रचनेतला आहे. या गोष्टींत गुरू नेहमी जिंकतो. शिष्य विचारतो, गुरू एका वाक्यात त्याला निरुत्तर करतो, पान संपते. पन्नास पाने वाचल्यावर वाचकाला गुरूचे उत्तर आधीच ऐकू येऊ लागते आणि प्रश्न विचारणाऱ्याचे ऐकणे बंद होते. शुभवर्तमानातील गोष्टी अशा नाहीत. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात थोरला भाऊ दाराबाहेर रुसून उभा राहतो. बाप त्याची समजूत घालतो. आणि तो आत गेला की नाही हे लूक आपल्याला सांगतच नाही. मार्कच्या सातव्या अध्यायात तर एक परदेशी बाई मुलीसाठी विनवणी करताना प्रभूलाच उलट उत्तर देते, आणि त्या उत्तरापायीच तिचे मागणे मान्य होते. डिमेलोंच्या पुस्तकात अशी बाई जवळजवळ कधीच भेटत नाही. ज्याच्या अंगावर कोणाची तरी जबाबदारी आहे तो माणूस त्या बाईसारखा हट्टी प्रश्न विचारतो, आणि गुरूच्या एका वाक्याने त्याचे समाधान होत नाही.

'अवेअरनेस' (१९९०) हे पुस्तक वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. ते लिहिलेले नाही, बोललेले आहे. त्यांच्या शिबिरातील भाषणांवरून फादर फ्रान्सिस स्ट्राउड यांनी ते लेखकाच्या मृत्यूनंतर सिद्ध केले. समोर श्रोते असताना, हशा पिकवत, धक्का देत बोललेली वाक्ये छापली की त्यांतले हसू गळून जाते आणि कठोरपणा उरतो. परोपकार हा बहुतेक वेळा स्वार्थाचाच एक मुखवटा असतो, हे त्यांचे म्हणणे शिबिरात ऐकणाऱ्याला अंतर्मुख करीत असेल. पण आपल्या धर्मग्रामातील सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची एखादी सभासद, जी गेली वीस वर्षे पावसापाण्यात आजाऱ्यांच्या घरी जात आली आहे, ती रात्री एकटीने हे पान वाचील तेव्हा तिला काय वाटेल? डिमेलो चांगले काम सोडा असे म्हणत नाहीत. त्या कामाविषयीचा भ्रम सोडा असे म्हणतात. हा भेद आहे, पण तो छापील पानावर पुरेसा उमटलेला नाही. आपले सुख कोणावरही अवलंबून नाही, हे त्यांचे दुसरे आवडते सूत्र. ते खरे असेलही. तेच वाक्य कोणाच्या तोंडी आहे यावर मात्र पुष्कळ अवलंबून असते. पोटच्या मुलाने घराकडे पाठ फिरवली आहे त्या आईने ते स्वतःशी म्हटले तर तो तिचा आधार होतो. पाठ फिरवणाऱ्या मुलाने म्हटले तर ती पळवाट होते.

२४ जून १९९८ चे रोमचे सूचनापत्र येथे टाळता येण्यासारखे नाही. श्रद्धासिद्धांतविषयक परिषदेचे प्रमुख कार्डिनल जोसेफ रॅट्झिंगर, जे पुढे पोप सोळावे बेनेडिक्ट झाले, यांच्या सहीने ते निघाले. डिमेलोंची काही मते कॅथलिक श्रद्धेशी विसंगत असून त्यांनी गंभीर हानी होऊ शकते, असा त्याचा निष्कर्ष होता. तेव्हा लेखकाच्या मृत्यूला अकरा वर्षे होऊन गेली होती. उत्तर द्यायला तो नव्हता. पुढे या पुस्तकांच्या आवृत्त्यांत, ती बहुधर्मीय परिस्थितीत, विविध धर्मांच्या व धर्म न मानणाऱ्याही शोधकांसाठी लिहिली असून धर्मसिद्धांताचे पाठ्यपुस्तक म्हणून नव्हेत, असा खुलासा छापला जाऊ लागला. सिद्धांताचा न्यायनिवाडा ईशज्ञानाच्या पंडितांनी करावा. आमचे लक्ष मात्र त्या पत्रातल्या एका निरीक्षणाकडे जाते. सुरुवातीची पुस्तके ख्रिस्ती अध्यात्माच्या चौकटीत राहतात आणि पुढे अंतर वाढत जाते, असे त्यात म्हटले आहे. साहित्याच्या वाचकालाही तोच फरक वेगळ्या रीतीने जाणवतो. 'साधना'त रिकाम्या खुर्चीचा एक पाठ आहे. आपल्यासमोरच्या खुर्चीत प्रभू बसला आहे अशी कल्पना करावी आणि त्याच्याशी बोलावे. नंतरच्या पुस्तकांत ही खुर्ची बहुधा रिकामीच राहते. लेखक आपल्याला चिंता सोडायला शिकवतो, पण ती कोणाच्या हाती सोडायची हे सांगेनासा होतो. डोंगरावरच्या प्रवचनात पाखरांचा आणि रानफुलांचा दाखला देऊन जे सांगितले आहे ते नुसते 'काळजी करू नका' असे नाही. काळजी करणारा पिता आहे, म्हणून तुम्ही करू नका, असे आहे. पित्याला वगळले की त्या वाक्याचा अर्थ आपल्या मुंबईच्या भाषेत 'टेन्शन घेऊ नको' एवढाच उरतो.

फादर कार्लोस व्हॅलेस, जे गुजरातेत गुजराती लेखक म्हणून घरोघरी ठाऊक होते, त्यांनी आपल्या या मित्रावर १९८७ मध्ये पुस्तक लिहिले. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ 'सामानाच्या ओझ्यावाचून' असा होतो. नाव सुरेख आहे. लोकलने प्रवास करणाऱ्याला तर ते फारच पटावे. हातात काही नसले तर दादरला चढता येते आणि अंधेरीला उतरताही येते. पण ज्या बाईच्या एका हातात भाजीची पिशवी आणि दुसऱ्या हातात मूल आहे, तिला कोणते खाली ठेवायला सांगणार? व्रतस्थ धर्मगुरूला भाडे भरायचे नसते, सोसायटीच्या पुनर्विकासाच्या कागदांवर सही करायची की नाही याची झोप उडवणारी चिंता नसते, मुलीच्या लग्नाचे कर्ज नसते. हे आम्ही दोष म्हणून सांगत नाही. व्रतांचा हेतूच तो आहे. परंतु ज्याने सामान कधी बांधलेच नाही त्याचा उपदेश आणि ज्याने ते वर्षानुवर्षे वाहिले त्याचा अनुभव, यांत वाचकाने फरक करावा.

तुकारामांविषयी परंपरा एक गोष्ट सांगते ती येथे आठवते. सावकारीचे कर्जरोखे इंद्रायणीत बुडवायचे त्यांनी ठरवले तेव्हा धाकटा भाऊ कान्होबा याला संसार होता. म्हणून रोख्यांचे दोन वाटे केले गेले; भावाचा वाटा भावाला मिळाला आणि तुकोबांनी बुडवला तो आपला. लोक बुडवलेल्या कागदांची आठवण ठेवतात. आम्हांला न बुडवलेल्या कागदांचे मोल अधिक वाटते.

असा वाटा करणे एका अख्ख्या गावालाही जमते. कोंडिविट्याला येशूसंघीयांनी १५७९ मध्ये संत योहान बाप्तिस्ता यांच्या नावाने चर्च बांधले. १८४० मध्ये साथीच्या रोगामुळे गावकऱ्यांनी ती जागा सोडली व मरोळला नवे चर्च उभारले. जुन्या चर्चच्या भिंती आज सीप्झच्या कुंपणाआड, झाडांच्या मुळ्यांत अडकून उभ्या आहेत. गावकऱ्यांनी भिंती मागे ठेवल्या; वेदी, मूर्ती, घंटा आणि बाप्तिस्म्याचे कुंड मात्र मरोळला नेले. संकटाच्या दिवसांत काय उचलायचे हे त्या ईस्ट इंडियन शेतकऱ्यांनी कोणत्या पुस्तकावरून ठरवले नसणार.

आता लक्ष्मीबाई. 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. टिळक दांपत्य प्रॉटेस्टंट पंथाचे असले तरी रेव्हरंड टिळकांची पदे आपल्या मराठी उपासनेत परकी राहिलेली नाहीत, आणि लक्ष्मीबाईंचे पुस्तक तर साऱ्या मराठीचेच आहे. त्याचा आरंभच मुळी नको त्या आस्थेच्या एका विलक्षण चित्राने होतो. १८५७ च्या बंडाच्या प्रकरणात लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने त्यांच्या वडिलांच्या डोक्यात सोवळ्याओवळ्याचे वेड शिरले. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येऊ शकत नसे. सारे घर त्या धुण्यापायी राबत होते. भीतीचे रूपांतर शिस्तीत कसे होते आणि ती शिस्त घरातल्या प्रत्येकाला कशी छळते, याचे यापेक्षा अचूक वर्णन आम्ही वाचलेले नाही. आज आपण सोवळे पाळत नाही. टक्केवारी पाळतो, फ्लॅटच्या टाइल्स पाळतो, 'लोक काय म्हणतील' हे पाळतो. लक्ष्मीबाईंनी वडिलांचा उपहास केलेला नाही. त्या हसतात, पण त्या हसण्याखाली करुणा आहे.

त्या घरातून निघालेली ही अकरा वर्षांची मुलगी पडली ती नेमक्या उलट टोकाच्या माणसाच्या हाती. नारायण वामन टिळकांना वस्तूंची, पैशाची, उद्याची आस्थाच नव्हती. हातात आलेला पैसा वाटेतच कोणा गरजवंताला जाई. न सांगता घरातून निघून जावे, दिवसेंदिवस पत्ता नसावा, आणि परत यावे ते नवा बेत घेऊन. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पत्नी काही वर्षे माहेरच्या माणसांत, लोकांच्या बोलण्यात आणि वैद्यांच्या औषधांत दिवस काढत राहिली. डिमेलोंच्या पुस्तकातला अनासक्त पुरुष शोभावा असेच टिळकांचे वागणे. फक्त येथे गोष्ट गुरूने सांगितलेली नाही. मागे राहिलेल्या बाईने सांगितली आहे. रामदासांच्या मंडपात जी मुलगी बोलली नाही ती येथे बोलते, आणि आश्चर्य असे की ती तक्रार करीत नाही.

तक्रार का करीत नाही, हा या पुस्तकाचा खरा प्रश्न आहे. सोशिकपणा हे त्याचे उत्तर नव्हे. लक्ष्मीबाई भांडतात, रुसतात, टिळकांना तोंडावर सुनावतात. त्यांना जे जमले ते वेगळेच आहे. त्यांनी माणसे एकही सोडली नाहीत. माणसांभोवतीचा गोंधळ सोडत गेल्या. जातिभेद त्यांनी एका उडीत टाकला नाही. प्रथम पतीच्या घरी परतल्या त्या आपले सोवळे घेऊनच. मग एकेक पायरी उतरत गेल्या, आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. तोही नवऱ्याच्या आग्रहाखातर नव्हे, स्वतःची खात्री पटल्यावर. पुढे घरात अनाथ मुले आली, विद्यार्थी आले, पाहुणे आले. पैसा कधी पुरला नाही आणि घर कधी रिकामे राहिले नाही. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरीही सोडली व 'देवाचा दरबार' उभा करण्याच्या मागे लागले. मे १९१९ मध्ये ते गेले. इतक्या सगळ्यात ही बाई स्वतःवर हसत राहते. स्वतःच्या अज्ञानावर, भित्रेपणावर, हट्टावर ती जितकी हसते तितकी दुसऱ्या कोणावर नाही. स्वतःला फार महत्त्व न देणे, ही निश्चिंतीची पहिली पायरी असे डिमेलो पुन्हा पुन्हा बजावतात. लक्ष्मीबाईंनी ते बजावले नाही, पण पुस्तकाच्या प्रत्येक पानावर तेच आहे.

'स्मृतिचित्रे'तही एक उणीव आहे. जेथे दुःख सर्वांत खोल आहे तेथे लेखिका भरभर पुढे जाते. वियोगाच्या त्या वर्षांत ती देवाशी काय बोलली, रात्री झोप कशी लागली, हे आपल्याला फारसे कळत नाही. विनोद हा तिचा स्वभाव आहे तसा तिचा पडदाही आहे. ज्या वाचकाला तो स्वभाव जन्मतः मिळालेला नाही त्याने काय करावे? त्याच्यासाठी 'साधना'तले श्वासाचे आणि आवाजांचे पाठ उपयोगी पडतात. म्हणूनच आम्ही दोन्ही पुस्तके एका फळीवर ठेवतो.

मार्था आणि मरिया यांची गोष्ट या विषयात हमखास सांगितली जाते आणि बहुधा अर्धीच सांगितली जाते. लूकच्या दहाव्या अध्यायात कामाने त्रासलेल्या मार्थेला प्रभू सांगतो की गरज एकाच गोष्टीची आहे. हे ऐकून आपल्याकडच्या कितीतरी गृहिणींना मनातून अन्याय झाल्यासारखे वाटते. सगळ्याच पायाशी बसल्या तर जेवण कोण करणार? पण योहानाच्या बाराव्या अध्यायात बेथानीला पुन्हा भोजन आहे, आणि तेथेही मार्था वाढतेच आहे. काम सुटलेले नाही. बहिणीकडे बोट दाखवणे सुटले आहे. मधल्या अकराव्या अध्यायात तिचा भाऊ मेला आहे, ती वाटेतच प्रभूला गाठून बोलली आहे, आणि तू ख्रिस्त आहेस ही कबुली तिने दिली आहे. संत इग्नेशियसने आपल्या साधनेच्या आरंभी ज्या वृत्तीचा पाया घातला, आरोग्य वा आजार, संपत्ती वा गरिबी यांपैकी कशाचाही हट्ट न धरण्याची, तिला मराठीत 'उदासीनता' म्हणायची पंचाईत होते, कारण आपल्या बोलण्यात उदास म्हणजे खिन्न. गीतेत तोच शब्द वर, अलिप्तपणे बसलेल्या माणसासाठी येतो. मार्था वर बसलेली नाही आणि खिन्नही नाही. ती वाढते आहे. तिच्यासाठी मराठीत नेमका शब्द आम्हांला अजून सापडलेला नाही. एखाद्या वाचकाला सुचल्यास जरूर कळवावा.

वाचनाच्या क्रमाविषयी विचारणा होईल म्हणून सांगतो. डिमेलोंची सुरुवात 'साधना'ने करावी, आणि ती वाचू नये, करावी. एका आठवड्याला एक पाठ पुष्कळ झाला. गोष्टींची पुस्तके घरात मोठ्याने वाचावीत, म्हणजे मुले मध्येच उलट प्रश्न विचारतील आणि गुरूची जी सोय लेखकाने करून ठेवली आहे ती मोडेल. 'अवेअरनेस' एकट्याने, मन खचलेले असताना वाचू नये. ते चारजणांत, वाद घालत वाचण्याचे पुस्तक आहे. 'स्मृतिचित्रे' मात्र कधीही, कोठूनही उघडावे. त्याची पूर्ण आवृत्ती घ्यावी. शाळेच्या पुस्तकातल्या उताऱ्यांवरून ते केवळ विनोदी पुस्तक आहे अशी समजूत होते, आणि फेब्रुवारी १९३६ मध्ये लक्ष्मीबाईंनी ज्या चौथ्या भागाचे काम अर्धवट टाकून डोळे मिटले त्या भागापर्यंत पुष्कळजण पोहोचतच नाहीत.